सायकलीच्या कानात

आमळी, सिल्वासा
५ मार्च १९८९

ती. आक्का यांस,
मंजुळाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुमच्या भावाची सध्या रात्रपाळी आहे, म्हणून पत्र मी लिहिते. दिवसपाळी असली तरी मीच लिहिते, हे तुम्हाला अक्षरावरून कळतंच.

बातमी अशी, की मी सायकल घेतली. परत वाचा, चूक नाही. तुमच्या भावानं नाही, मी घेतली. लेडीज, मरून रंगाची, पुढे जाळीची टोपली. भिशीत यंदा माझी चिठ्ठी निघाली. कारखान्यातली मैत्रीण शोभा म्हणाली बांगड्या कर, चाळीतल्या चिमाबाई म्हणाल्या पोरीच्या नावानं ठेव. मी दोघींना हो हो म्हटलं, वापीला गेले आणि सायकल घेऊन आले.

कारण सांगते. मसाटला आमच्या प्लास्टिकच्या कारखान्यात बायकांना न्यायला ठेकेदाराचा टेम्पो येतो. त्यात आम्ही उभ्यानं जातो, एकमेकींच्या खांद्यावर हनुवट्या टेकवून. आम्हाला उशीर झाला तर टेम्पो थांबत नाही, आणि टेम्पोला उशीर झाला तर हजेरी आमची कापतात. मी सुपरवायझरला म्हटलं, "साहेब, टेम्पो तुमचा, उशीर तुमचा, मग खाडा माझा कसा?" तो म्हणाला, "तेरे को इतना है तो अपना गाडी ले के आ." आणली.

शिकले सरकारी क्वार्टरांच्या मागच्या मैदानात, दर रविवारी. शोभानं कॅरिअर धरलं. पडले, कोपर सोलवटलं. भिंतीवर बसून बघणाऱ्या मंडळींची फुकटात करमणूक झाली. पुढे मी पडेनाशी झाले आणि मंडळी आपोआप पांगली.

एकच काम राहिलंय. कारखान्याच्या स्टँडवर सगळ्या सायकली सारख्या दिसतात, रोज कुणाची तरी कुणी नेतो आणि भांडणं होतात. म्हणून येत्या पाडव्यापासून गेटवर नियम केलाय, चेनकव्हरवर नाव रंगवलेलं पाहिजे, नाहीतर सायकल बाहेर. कुणी पोराचं नाव घातलंय, कुणी देवाचं. मी नाव शोधते आहे. एकदा रंगवलं की रोज त्याच्यावर बसून जायचं, म्हणून घाई करत नाही.

आखाजीला या. अक्षय्य तृतीयेचा सण माहेरी करायचा असतो, आणि सासूबाई गेल्यापासून तुमचं माहेर म्हणजे आमची ही चाळच. दाजींना नमस्कार. संजू आणि सोनी तुमची आठवण काढतात.

आपली,
मंजुळा


पारोळा
१३ मार्च १९८९

चि. सौ. मंजुळा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, मग शाळेतून आल्यावर तुझ्या दाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं, मग पुन्हा मनात वाचलं. गुरुजी म्हणाले, "तुझी भावजय सर्कशीत जाणार की काय?" मी म्हटलं, हसू नका, माझ्या माहेरची सायकल आहे ती. तोंडावर असं म्हटलं खरं, पण तुलाही सांगते, पदर सांभाळ. चाकात गेला की थेट दवाखाना. आणि पायांकडे लक्ष दे, चारचौघांत दिसतात.

आता नावाचं. तू आपलं मोघम लिहिलंस, 'नाव शोधते आहे.' सरळ मागायला संकोच वाटला असेल. अगं, त्यात संकोच कसला? घरात नवं कुणी आलं की नाव आत्यानं ठेवायचं. संजूच्या कानात 'संजय' मी सांगितलं, सोनीच्या कानात 'सुवर्णा' मी सांगितलं आणि दोन्ही वेळा पाठीत धपाटे खाल्ले. तुझं नाव तरी कुणी काढलं? लग्नात ताटात तांदूळ पसरले, भगवंतच्या हातात अंगठी दिली आणि त्याला काही सुचेना. नुसता तांदळाकडे बघत बसला. मग मागून मी सांगितलं, 'मंजुळा लिही.' कसं शोभलं तुला!

तेव्हा सायकलीचं नाव सुकदेव. बाबांनी जन्मभर सायकलीची हौस बोलून दाखवली आणि जन्मभर पायीच चालले. त्यांचं नाव चेनकव्हरवर आलं म्हणजे सायकल एका माणसाची न राहता घराण्याची होईल. भगवंतला कंपनीच्या पत्त्यावर मी वेगळं लिहिते आहे. तुला पेंटरकडे हेलपाटा नको.

तुझी,
आक्का


आमळी, सिल्वासा
२२ मार्च १९८९

ती. आक्का यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पदर खोचूनच बसते. पाय दिसतात ते घोट्यापर्यंत. टेम्पोत चढताना गुडघ्यापर्यंत दिसायचे, तेव्हा कुणी पत्र पाठवलं नाही.

नावाचं मात्र तुम्ही उलटं वाचलंत. मी नाव मागितलं नव्हतं. मी शोधते आहे म्हणजे मीच शोधते आहे. पोरांच्या वेळी तुमचा मान होता, मी तोंडातून शब्द काढला नाही. संजूला मला विश्वनाथ म्हणायचं होतं, हे तुम्हाला आज पहिल्यांदाच कळत असेल. पण सायकल काही मला पाळण्यात घालायची नाही. तिच्यावर बसून कामाला जायचंय.

मामंजींची हौस राहून गेली याचं मलाही वाईट वाटतं. पण माझ्या सायकलीवर बसून ते कारखान्यात पॅकिंगला येणार नाहीत, मलाच जायचंय. आणि आक्का, सायकल घराण्याची झाली की काय होतं ते मला माहीत आहे. घराण्याचं शिलाई मशीन तुमच्या चुलत्यांकडे आहे. घराण्याचा रेडिओ कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

इथे जो तो नाव सुचवतो. चिमाबाई म्हणतात सप्तशृंगी घाल. गेटवरचा वॉचमन म्हणतो, "बेन, जय अंबे लखी नाखो, कोई चोरेगा नहीं." शोभा म्हणते फूल काढ आणि सोडून दे. तुमचे भाऊ काहीच म्हणत नाहीत, नुसते गालात हसतात. म्हणजे त्यांना माझं पटलेलं दिसतं. आमच्या घरात पहिल्यांदाच असं झालंय, म्हणून मुद्दाम कळवते.

आपली,
मंजुळा


पारोळा
३० मार्च १९८९

चि. सौ. मंजुळा हिस आशीर्वाद.

कार्डावर थोडक्यात लिहिते. तुझं पत्र आणि भगवंतचं पत्र एकाच टपालानं आलं. तुझं आधी फोडलं, म्हणून थोडा वेळ राग आला. मग भगवंतचं वाचलं. रविवारी तू बाजारात गेलेली असताना त्यानं नाव रंगवून आणलं आणि तू यायच्या आत मला पत्रही लिहिलं म्हणे. पांढऱ्या अक्षरात 'सुकदेव', दोन्ही बाजूंनी वेलबुट्टी. पोरानं बहिणीचा शब्द राखला. मला रडूच आलं. तू रागाच्या भरात जे लिहिलंस ते मी मनावर घेत नाही, आता तूही गोड मानून घे. आखाजीला येताना बाबांच्या नावाला हार घेऊन येते.

आक्का


आमळी, सिल्वासा
९ एप्रिल १९८९

ती. आक्का,
नमस्कार.

हार आणू नका. नाव आता तिथे नाही.

बाजारातून आले तर तुमचे भाऊ सायकलीपाशी उभे, हातात फडकं, चेहऱ्यावर शाळेत बक्षीस मिळालेल्या पोराचं हसू. "कशी दिसी ऱ्हायनी?" म्हणाले. मी पिशवी खाली ठेवली. घासलेटाची बाटली आणली, त्यांच्याच हातातलं फडकं घेतलं आणि बसले पुसायला. रंग पुरता वाळला नव्हता, वेलबुट्टी लगेच गेली. 'सु' तेवढा चिवट निघाला, त्याला दाढीचं पातं लागलं. तेही तुमच्या भावाचंच.

"मना बापनं नाव शे ते!" ते ओरडले.

मी म्हटलं, "मग तुमच्या सायकलीवर घाला."

"मनी सायकल कोठे शे?"

"घ्या ना. मी घेतली तशी."

सगळी चाळ गोळा झाली. चिमाबाई म्हणाल्या, "मंजुळाबाई, गेलेल्या माणसाचं नाव असं पुसू नये." मी म्हटलं, "जित्या माणसाचं पुसलेलं चालतं का?" त्यांना कळलं नाही. तुम्हाला कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही त्या तांदळाच्या ताटाचं मोठ्या कौतुकानं लिहिलंत. मला काय दिसलं ते आज सांगते. मी समोरच्या बाजूला बसले होते, म्हणून मला अक्षरं उलटी दिसत होती. मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या. एकेक अक्षर जुळवून वाचेपर्यंत तुम्ही साखर वाटायला सुरुवात केली होती. माझं नाव काय झालं हे मांडवात सगळ्यांत शेवटी मला कळलं. त्याआधी मी चंदा होते. शेंदुर्णीच्या शाळेच्या हजेरीत चंदा, खो-खोच्या संघात चंदा. मी पळायला लागले की सगळं पटांगण 'चंदा, चंदा' ओरडायचं. ते तांदूळ नंतर डब्यात ओतले. मी स्वतःच्या हातानं ओतले, कारण नव्या सुनेला आवराआवर करायला सांगितली होती.

आणि ज्यांच्या सोयीसाठी हे सगळं केलं ते मला मंजुळा म्हणून कधी हाक मारत नाहीत. 'अवं' म्हणतात, नाहीतर 'संजूनी माय'. वापरायचंच नव्हतं तर माझं होतं ते घेतलं कशाला?

दुसऱ्या दिवशी मीच पेंटरकडे गेले. "किसका नाम डालू? बच्चे का?" मी म्हटलं, माझं. "मतलब आदमी का?" मी म्हटलं, भाई, माझं. बाईचं नाव आहे म्हणून तो आपण होऊन गुलाबाचं फूल काढायला निघाला, त्यालाही नको म्हटलं. नुसती अक्षरं. चंदा. सायकलीचं नाव चंदा.

पाडव्यानंतर गेटवर वॉचमननं वाकून वाचलं आणि आत ओरडला, "चंदा को आने दो!" आता पॅकिंगच्या सगळ्या बाया मला चंदा म्हणतात. मस्टरवर मी मंजुळा भगवंत आहे, पण मस्टर कुणी हाक मारायला वापरत नाही.

मामंजींच्या फोटोला पाडव्याला हार घातला, नैवेद्य दाखवला. त्यांचा अपमान मी केलेला नाही आणि माफीही मागणार नाही.

तुमची भावजय,
चंदा


पारोळा
१७ एप्रिल १९८९

मंजुळा,

मी तुला मंजुळाच म्हणणार.

माझ्या बापाचं नाव तू पात्यानं खरवडलंस आणि वर तोंड करून मला पानंच्या पानं लिहितेस! चाळभर तमाशा करून वर गेलेल्या माणसाला नैवेद्य दाखवतेस! भगवंत मऊ पडला, मी तिथे असते तर सायकल उचलून दमणगंगेत टाकली असती.

नाव तुझं एकटीचंच बदललं का गं? आपल्यात कुठल्या बाईचं बदललं नाही ते दाखव. माझं झुंबर गेलं तेव्हा मी पातं घेऊन बसले होते का? गुरुजी म्हणाले, झुंबर हे काय नाव, गावंढळ वाटतं, शिक्षकाच्या बायकोला शोभत नाही, नलिनी बरं. झाले नलिनी. तेही कुणी म्हणत नाही, सारा गाव मास्तरीणबाई म्हणतो. मी कधी तक्रार केली? सोसलं की सवय होते. तू सातवी काय शिकलीस आणि दोन चाकांवर काय बसलीस, तुला सवय करून घ्यायची नाही.

आखाजीला मी येणार नाही. माझं माहेर मिटलं असं समजेन. नागलीच्या पापडांचा डबा भरून ठेवला होता, तो कुणाच्या तरी हाती पाठवते. पोरांसाठी. तू खाऊ नकोस.

आक्का


आमळी, सिल्वासा
२५ एप्रिल १९८९

ती. आक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

पापड मिळाले. मी पण खाल्ले.

पत्रातल्या शिव्या सोडून देते, त्या मला लागू असतील तर लागू आहेत. मी मधल्या एका ओळीवर अडकले. 'माझं झुंबर गेलं तेव्हा.' सासूबाई होत्या तोवर आखाजीला ओट्यावरून हाक मारायच्या, "झुंबर वं, चहा पी!" तुम्ही झोक्यावर असा नाहीतर शेजारी, धावत यायच्या. त्यांच्यानंतर ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. भाऊ आक्का म्हणतात, मी आक्का म्हणते, पोरं आत्या म्हणतात. इतक्या माणसांत एकही नाही.

सोसलं की सवय होते म्हणता. मग तेवढा शब्द लिहिताना पेन एवढं का दाबलंत? कागद तिथे फाटलाय. बाकीचं पत्र रागाचं आहे, पण फाटलं आहे ते तिथेच.

चाळीत भांडण झालं तेव्हा सोनी सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "मम्मी, माझं पण सुवर्णा पुसून टाकतील का?" मी म्हटलं, तुझ्या आत्याला विचार, तिनं ठेवलंय. धपाटे खाऊन तुम्ही ठेवलेलं नाव एक दिवस कुणीतरी ताटात बोट फिरवून घालवणार आहे, आणि तुम्ही शेजारी साखर घेऊन उभ्या असाल. तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

माहेर मिटवायला ते तुमचं एकटीचं नाही. दार मी उघडते रोज, आणि ते उघडंच आहे. आखाजीला या. सायकलीचं बारसं करू. नाव रंगवलं, पण कानात सांगायचं राहिलंय, आणि तो मान आत्याचाच. तो मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. सायकलीला कान कुठे असतो यावर शोभाची आणि माझी पुष्कळ चर्चा झाली. घंटी म्हणजे कान असं ठरलंय. नाव मात्र ठरलेलं आहे, त्यात बदल व्हायचा नाही.

तुमचे भाऊ अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांच्या खात्यातले लोक 'चंदाचा नवरा' म्हणून चिडवतात. पण काल मागचं चाक बसलं तर न सांगता पंक्चर काढून आणलं.

वाट बघते.
चंदा


पारोळा
१९ मे १९८९

चि. सौ.

मायना लिहिताना नावापाशी अडखळले, म्हणून जागा मोकळी सोडली. समजून घे.

सुखरूप पोचले. उधन्याला गाडी बदलताना पिशवी राहत होती, पण राहिली नाही. गुरुजींनी विचारलं, कसलं बारसं ते सांग तरी. मी सगळं सांगितलं. आंब्याचं तोरण, हँडलला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, चाळभर घुगऱ्या वाटल्या ते. चिमाबाई नको नको म्हणत शेवटी पाळणा म्हणायला बसल्या तेही सांगितलं. ते म्हणाले, वेड्यांचा बाजार. शोभाला मात्र माझा निरोप दे, धपाटा पाठीत हलकेच घालायचा असतो. पाठ अजून ठणकते.

आता खरं लिहिते. तुम्हा सगळ्यांना वाटलं, मी घंटीत 'चंदा' सांगितलं. नाही सांगितलं. मी घंटीला तोंड लावलं आणि 'झुंबर' म्हणाले. मुद्दाम म्हणाले. येताना गाडीतच ठरवलं होतं. बाबांचं नाव पुसताना तू कुणाला विचारलं होतंस? मग मी तरी का विचारू? चेनकव्हरवरचं तुझं राहू दे, कानातलं माझं आहे. ओठ त्या गार लोखंडाला लागले आणि आतून तोच शब्द माझ्याकडे परत आला. आई गेल्यापासून मला कुणी त्या नावानं बोलावलं नव्हतं. तुमच्यासमोर मी हसत उभी राहिले, गाडीत मात्र पदर तोंडाला लावून रडले. समोरच्या बाईनं विचारलं, माहेरून निघालात का? मी म्हटलं, हो.

आता काय करायचं ते कर. घासलेट घंटीच्या आत जात नाही.

सोनीला सांग, तिच्या लग्नात तांदळाचं ताट येईल तेव्हा आत्या शेजारी बसणार आहे. कुणाचं बोट 'सुवर्णा' सोडून दुसऱ्या अक्षराकडे वळलं तर ताट उलटं करीन. मग भले सगळं वऱ्हाड उपाशी परत जाऊ दे.

तुझी,
आक्का


आमळी, सिल्वासा
३१ मे १९८९

ती. झुंबरआक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

घासलेट जात नाही, पण पाना जातो. घंटी काढली. वेगळ्या पार्सलनं पाठवली आहे, पांढऱ्या कापडात शिवून, लाख लावून.

तुम्ही काय सांगितलंत ते वाचलं आणि आधी मी भडकले. मग शोभाला वाचून दाखवलं तर ती रडायला लागली, म्हणून मला पुन्हा भडकावं लागलं. आक्का, माझ्या सायकलीला एकच नाव आहे. मी इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावाखाली राहिले, आता माझ्या नावाखाली तुम्हाला ठेवून घेणार नाही. दुसरीच्या सायकलीच्या कानात लपून राहायचं तर नलिनी काय वाईट होतं? तुमचं नाव पारोळ्याच्या बाजारातून गेलं पाहिजे, चेनकव्हरवर, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असं. दाजी गावंढळ म्हणोत नाहीतर आणखी काही. सासूबाई हाक मारायच्या ते नाव आहे, दाजींच्या शाळेला विचारून ठेवलेलं नाही.

ही घंटी तुमची. तुम्ही तिच्यात स्वतःचं नाव सांगितलंत, तेव्हा ती मला वाजवता यायची नाही. पण घंटीला खाली सायकल लागते. ती तुम्ही बघा. तुम्हाला येणार नाही असं म्हणू नका. मी पडत होते तेव्हा माझ्यापेक्षा जाड बायाही शिकत होत्या.

माझ्या सायकलीला तुमच्या भावानं नवी घंटी आणली. रविवारी बसवत होते, मी मागे पीठ चाळत होते. मान खाली घालूनच म्हणाले, "चंदा, पाना दे." मी पाना दिला. सायकलीला म्हणाले असतील असं आता त्यांना सांगता यायचं नाही, कारण सायकल पाना देत नाही.

सोनीला तुमचं उत्तर सांगितलं. ती म्हणाली, आत्याला म्हणावं ताट जड असतं, आतापासून सवय कर.

तुमची,
चंदा


पारोळा
१४ जून १९८९

चि. सौ. चंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. पोस्टमन म्हणाला, बाई, आत काहीतरी खणखणतंय. गुरुजींनी टाके उसवले आणि घंटी हातात घेऊन म्हणाले, "ही काय भानगड आहे?"

मी म्हटलं, "माझी आहे. हिच्यात माझं नाव आहे."

त्यांनी चष्मा लावून चहूबाजूंनी पाहिलं. "कुठे? मला तर दिसत नाही."

मी त्यांच्या हातातून घेतली आणि वाजवली. म्हटलं, "झुंबर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग शाळेत समजावतात तसं म्हणाले, "नलिनी चांगलं नाव आहे."

मी म्हटलं, "चांगलंच आहे. तुम्हाला एवढं आवडतं तर तुम्ही घ्या."

त्या दिवशी जेवताना त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मी भाकरी दोन जास्तच खाल्ल्या.

शाळेला सुट्टी होती तोवर पटांगणात शिकले. शेजारची शैलजा कॅरिअर धरते. गुरुजींच्या दांडीच्या सायकलीवर साडी नेसून बसणं म्हणजे काय दिव्य असतं ते तुला ठाऊक नाही, तुझी लेडीज आहे. पडले, गुडघा फुटला. गुरुजी धावत आले, आणि आधी सायकल उचलली. त्यांची आहे ना. तेव्हाच मला तुझं म्हणणं पुरतं पटलं. घराण्याची नको, नवऱ्याची नको, आपली पाहिजे.

आता मी पडत नाही. वळताना तेवढी अजून भीती वाटते, म्हणून सरळ जाते आणि खाली उतरून वळते. लोक मास्तरीणबाई म्हणून हसतात. हसू देत, लवकरच त्यांना वाचायला काहीतरी मिळेल.

बाबांच्या नावाचा राग माझा अजून गेलेला नाही. तो तसाच राहील आणि मी अधूनमधून तो काढीन, तू ऐकून घे. पण भगवंतला म्हणावं, बापाचं नाव इतकं प्यारं असेल तर पुढची भिशी लागली की स्वतः सायकल घे आणि रंगव. आत्याचा मान म्हणून मी येते, धपाटे खाते.

घंटी सध्या देवाजवळच्या कोनाड्यात आहे. घंटी आली, नाव आलं, दोघांच्या मधली सायकल तेवढी यायची राहिली आहे. गुरुजींना दिवाळीच्या आत म्हणून सांगून ठेवलंय. काल स्वतःच विचारत होते, रंग कुठला हवा. मी म्हटलं, कुठलाही चालेल, फक्त पांढरी अक्षरं त्याच्यावर लांबून वाचता आली पाहिजेत.

तुझी,
झुंबर